शेवट तोडणं वेगळं, सोडून देणं वेगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सिनेमा रंगात आलेला असतो, आता काय होणार म्हणून आपण सरसावून बसतो, आणि पडदा काळा होऊन नावं वर सरकायला लागतात. नेमकं काय घडलं ते कळतच नाही. असे शेवट खरोखर परिणाम करतात, की दिग्दर्शकाला शेवट सुचला नाही म्हणून तो आपल्या गळ्यात मारतो?

मी गेली सव्वीस वर्षं सिनेमाचं संकलन करतो आहे. असे शेवट मी स्वतः कापले आहेत, आणि काही वेळा असं कापू नका म्हणून दिग्दर्शकांशी भांडलोही आहे. माझं मत पक्कं आहे. असा शेवट चालतो, आणि चालतो तेव्हा तो माणसाबरोबर घरापर्यंत जातो. अट एकच: पडदा काळा होण्याआधी सिनेमाने आपला खरा प्रश्न सोडवलेला असला पाहिजे. मग उरते ती फक्त बातमी. कोण कुठे गेलं, कोण वाचलं, दोघं भेटली की नाही. बातमी राखून ठेवली तर प्रेक्षक माफ करतो. प्रश्नच अर्धवट ठेवला तर तो माफ करत नाही, आणि त्याने करूही नये.

पुढे मला काही सिनेमांचे शेवट उघड सांगावे लागतील. ज्यांनी ते पाहिले नाहीत त्यांनी आधी पाहून यावं, हे मी अगदी मनापासून सांगतो.

आधी दोन शब्द सोडवून घेऊ. 'अचानक' आणि 'संदिग्ध' हे शब्द आपण जोडीने वापरतो, पण एडिट टेबलवर ती दोन निराळी कामं आहेत. अचानकपणा कापण्यात असतो. शॉट कुठल्या फ्रेमवर तुटला, हालचालीच्या मध्येच तुटला की ती स्थिरावल्यावर, आवाज चित्राबरोबरच गेला की मागे रेंगाळला, हे सगळं त्यात येतं. संदिग्धपणा कथेत असतो. एक आहे आणि दुसरा नाही असे शेवट आपल्याच सिनेमात सापडतात.

'फँड्री' (२०१३) घ्या. कैकाडी समाजातला जब्या काळी चिमणी शोधत रानोमाळ हिंडतो, कारण तिची राख टाकली की वर्गातली शालू आपली होईल असं त्याच्या मनाने घेतलंय. सिनेमाचा मोठा भाग आपण त्याच्याबरोबर या चिमणीच्या मागे असतो. जब्याचं आणि शालूचं पुढे काय झालं? सिनेमा सांगत नाही, आणि थिएटरमधून बाहेर पडताना हा प्रश्न विचारणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. कारण शेवटच्या भागात प्रश्नच बदललेला असतो. शाळेतल्या मुलांच्या देखत जब्याला घरच्यांबरोबर डुक्कर धरावं लागतं. मध्येच राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. मग धरलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या बाबासाहेबांच्या, सावित्रीबाईंच्या चित्रांसमोरून चालत जातात. टिंगल थांबत नाही. जब्या दगड उचलतो. शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो.

हा कट यापेक्षा अचानक होऊच शकला नसता. पण यात संदिग्ध काय आहे? काहीच नाही. दगड कोणासाठी होता हे खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला कळतं. आता समजा तो शॉट थोडा पुढे चालू ठेवला असता, दगड कोणाच्या तरी कपाळाला लागलेला दिसला असता. मग ते गावातलं भांडण झालं असतं, आणि आपण हळहळून घरी गेलो असतो. दगड मारला जातो आणि लागायच्या आत चित्र संपतं, म्हणून तो लागण्याची जागा पडद्याच्या बाहेर सरकते. मी शिकवतो तेव्हा मुलांना हा कट पुन्हा पुन्हा दाखवतो, आणि दर वेळी वर्गात काही क्षण कोणी बोलत नाही.

'सैराट'चा (२०१६) शेवट लोक याच यादीत घालतात, पण मला ते पटत नाही. तिथे कथा पूर्ण सांगून झालेली असते, काडीचीही शंका उरत नाही. शेजारणीकडून परत आलेलं पोर मारून टाकलेल्या आई-बापाला बघतं आणि रडत बाहेर चालायला लागतं, मागे रक्ताची छोटी पावलं उमटतात. तिथे तुटतो तो आवाज. अजय-अतुलच्या संगीतात भिजवून काढलेला सिनेमा शेवटी मुका होतो. त्याचा धक्का इतका आहे की आपल्याला तो कट 'अचानक' वाटतो. प्रत्यक्षात तो शॉट पुरेसा लांब आहे आणि आपल्याला बघत राहावंच लागतं.

याच्या नेमका उलट म्हणजे 'द लंचबॉक्स' (२०१३). तो संदिग्ध आहे, पण अचानक अजिबात नाही. साजन आणि इला कधी भेटलेले नाहीत, त्यांची ओळख जेवणाच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांमधली. साजन निवृत्त होऊन नाशिकला जायला निघतो, आणि परत मुंबईला येतो. इला घर सोडून भूतानला जायच्या तयारीत आहे. शेवटी लोकलच्या डब्यात डबेवाले टाळ वाजवत 'ज्ञानोबा माउली तुकाराम' म्हणतायत आणि त्यांच्यात साजन बसला आहे. तो तिच्या दारापर्यंत पोचला का? ती तोवर थांबली का? माहीत नाही. पण या सिनेमाचा प्रश्न 'ती भेटतील का' असा नव्हताच. आयुष्य संपलं असं धरून बसलेली दोन माणसं आपापल्या खोलीतून उठून बाहेर पडतील का, असा तो होता. साजन नाशिकहून परतला तेव्हाच त्याचं उत्तर मिळालं. भजन ऐकताना मनाला जी ऊब येते ती त्याची असते. भेट दाखवली असती तर गोड वाटलं असतं, पण आपलं सगळं लक्ष त्या भेटीत गेलं असतं आणि त्यासाठी त्यांनी मोडलेली सवय विसरायला झालं असतं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते 'कोर्ट'च्या (२०१४) शेवटाने. नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला आहे. त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात जीव दिला असा आरोप आहे. दोन तास आपण तारखांमागून तारखा बघतो. निकाल काय लागला? लागत नाही. जामीन मिळतो, पुन्हा अटक होते, आणि कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. खोली रिकामी होते, दिवे एकेक करून मालवले जातात, अंधार होतो. तो अंधार बराच वेळ टिकतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आजूबाजूची माणसं उठायला लागली होती. आणि मग सिनेमा पुढे सुरू होतो. न्यायाधीश नातेवाइकांबरोबर सहलीला जातात, रिसॉर्टवर गप्पा मारतात, एका मुलाच्या बोलण्याच्या अडचणीवर अंगठीचा उपाय सुचवतात, बाकड्यावर बसल्या बसल्या डुलकी घेतात. पोरं ओरडून त्यांना उठवतात, ते एकाला थोबाडीत मारतात आणि पुन्हा झोपतात. संपलं.

विचार करा, तो अंधार हाच शेवट ठेवला असता तर? तोही भारदस्त वाटला असता. 'न्यायव्यवस्थेत अंधार आहे' असं म्हणत आपण समाधानाने बाहेर पडलो असतो. खटल्याचा निकाल मात्र दोन्ही शेवटांत लागत नाही. फरक असा की दुसऱ्या शेवटात आपल्याला निकाल देणारा माणूस दिसतो. कांबळेंचं काय होणार हे आता सांगायची गरजच राहत नाही, कारण ते ज्याच्या हातात आहे तो बाकड्यावर झोपलेला आपण पाहिला. निकाल दाखवला नाही तरी या शेवटात कुठे पोकळी जाणवत नाही.

आता माझ्या टेबलावरची एक गोष्ट सांगतो. सिनेमाचं नाव सांगत नाही, तो छोटा होता आणि फार लोकांपर्यंत गेला नाही. एसटीतून निवृत्त झालेला एक ड्रायव्हर, बायको गेलेली, मुलगा भांडून घराबाहेर पडलेला. शेवटच्या प्रसंगात म्हातारा ओसरीवर बसलाय. आत लँडलाइन वाजते. तो वळून बघतो, गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागतो, आणि तो पूर्ण उभा राहायच्या आत आम्ही कापलं होतं. दिग्दर्शकाला आणि मला तो शेवट फार आवडला होता. मग आम्ही ओळखीपाळखीच्या पंचवीसेक लोकांना दाखवला. दिवे लागल्यावर जवळपास सगळ्यांचा एकच प्रश्न: फोन कोणाचा होता?

दिग्दर्शक म्हणाला, प्रेक्षकाला विचार करायची सवय नाही. त्या वेळी मी गप्प बसलो, पण मला ते खरं वाटलं नाही. या गोष्टीचा उरलेला भाग शेवटी सांगतो, कारण मध्ये एक मुद्दा यायला हवा.

आपला प्रेक्षक उघडे शेवट पचवू शकत नाही, असं नेहमी म्हटलं जातं. त्यात एवढंच खरं आहे की आपले कान पूर्णतेवर वाढले आहेत. श्रावणात आजीकडून ऐकलेली कहाणी 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हटल्याशिवाय संपत नाही. मैफलीत भैरवी झाली की श्रोता सतरंजीवरून उठतो. ही सांगता म्हणजे श्रोत्याला मिळालेली परवानगी असते: आता ऊठ, आता घरी जा. जुन्या सिनेमात ते काम 'समाप्त'ची पाटी करायची. ती पाटी गेली, तिच्या जागी चार-पाच मिनिटांची नामावळी आली. त्यामुळे परवानगी देण्याचं काम आता शेवटच्या शॉटवर आणि त्यानंतरच्या काळ्या पडद्यावर येऊन पडलं आहे. हे ज्या संकलकाला कळत नाही तो चांगल्या शेवटाचाही घात करतो. पण सवय म्हणजे असमर्थता नव्हे. ज्या प्रेक्षकांनी 'फँड्री' बघितला ते काही फिल्म सोसायटीत घडलेले नव्हते.

तांत्रिक बाजू थोडी सांगतो, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. फिल्मच्या काळात चित्र गोठवणं महागाचं आणि धीराचं काम होतं. तीच एक फ्रेम लॅबमध्ये ऑप्टिकल प्रिंटरवर पुन्हा पुन्हा छापून घ्यावी लागे. सेकंदाला चोवीस, म्हणजे पाच सेकंद गोठवायचं तर एकाच चित्राच्या एकशेवीस छपाया. चित्रावरचे कण जाड व्हायचे, दर्जा किंचित उतरायचा, आणि गोठण्याचा क्षण डोळ्याला टोचायचा. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोच्या 'द ४०० ब्लोज'मध्ये (१९५९) सुधारगृहातून पळालेला मुलगा लांबच लांब धावत समुद्रापर्यंत पोचतो. पुढे जायला जमीन नाही. तो वळतो, आपल्याकडे बघतो, आणि चित्र गोठतं. तो पकडला जाईल का, ही बातमी. जाणार कुठे, हा प्रश्न, आणि समुद्राने त्याचं उत्तर देऊन टाकलेलं आहे.

सत्यजित राय यांच्या 'चारुलता'मध्ये (१९६४) नवरा परत येतो, चारू दारात हात पुढे करते, तोही करतो, आणि हात एकमेकांना लागायच्या आत चित्र गोठतं. मग गोठलेली चित्रं एकामागून एक येतात, आणि पडद्यावर रवींद्रनाथांच्या मूळ कथेचं नाव उमटतं: नष्टनीड. मोडलेलं घरटं. टागोरांच्या कथेत शेवटी नवरा सोबत चल म्हणतो आणि चारू 'राहू दे' म्हणते. रायनी संवादातला नकार घेतला नाही, दोन तळव्यांमधली थोडीशी मोकळी जागा घेतली. हात भेटले असते तर समेट झाला असता, मागे घेतले असते तर फारकत. दोन्ही खोटं ठरलं असतं. ही माणसं एकाच घरात राहतील आणि घर मात्र मोडलेलं असेल, ही अवस्था दाखवायला थांबलेल्या हातांपेक्षा नेमकं काही मला सुचत नाही. इथे संदिग्धता म्हणजे धूसरपणा नाही. ती अत्यंत अचूक आहे.

रहस्यपटाची गोष्ट थोडी वेगळी. तिथे 'काय झालं' हाच करार असतो. पहिल्याच रिळात खून दाखवलात तर खुनी सांगावा लागतो. म्हणून 'अंधाधुन'चं (२०१८) मला फार कौतुक वाटतं. त्यात शेवटी पियानोवादक आकाश आपल्या मैत्रिणीला, सोफीला, सगळी हकीकत सांगतो. सशाने गाडीसमोर उडी मारली, अपघात झाला, आपण अजून आंधळेच आहोत, असं त्याचं म्हणणं. मग तो बाहेर पडतो आणि रस्त्यात पडलेला डबा काठीने नेमका उडवतो. म्हणजे दिसतंय. मग सांगितलेल्यातलं खरं किती? सिनेमा बोलून सांगत नाही, पण पुरावे समोर ठेवतो. सुरुवातीलाच शेतात एका डोळ्याचा ससा दिसतो, शेवटी काठीच्या मुठीवर सशाचं तोंड आहे. प्रेक्षक सिनेमागृहातून बाहेर येऊन वाद घालतात तेव्हा त्यांच्या हातात काहीतरी असतं. ज्या रहस्यपटाचा शेवट पुरावे न देता मोकळा सोडलेला असतो तिथे वाद होत नाही, नुसती चिडचिड होते. तुमची चिडचिड अशा एखाद्या सिनेमाची असेल तर ती रास्त आहे.

फसलेला शेवट मला टेबलावर कसा ओळखू येतो? एक तर मी दिग्दर्शकाला सरळ विचारतो: तुला माहीत आहे का पुढे काय झालं? 'ते प्रेक्षकावर सोडलंय' असं उत्तर आलं की मला काळजी वाटते. माहीत असून न सांगणाऱ्याच्या शॉटमध्ये एक ठामपणा असतो. नट कुठे बघतोय, श्वास कसा घेतोय, दार किती उघडं आहे, हे सगळं त्या माहितीने ठरलेलं असतं. माहीतच नसलेल्या दिग्दर्शकाच्या रशेसमध्ये, म्हणजे शूटिंगच्या कच्च्या चित्रणात, आठ टेक आठ तऱ्हेचे असतात, आणि संकलकाने त्यातून अर्थ काढावा अशी अपेक्षा असते. दुसरी खूण म्हणजे शेवटचा शॉट काढून टाकून बघायचं. सिनेमाला काहीच फरक पडला नाही तर तो शेवट नव्हता, नुसतं थांबणं होतं.

आणि काही वेळा दोष सिनेमाचा नसतोच. पूर्वी डोअरकीपर शेवटच्या दोन मिनिटांत पडदे सरकवून दारं उघडायचे, बाहेरचा उजेड थेट पडद्यावर यायचा. आता घरी बघताना काळा पडदा येताच चित्र कोपऱ्यात चिमणीएवढं होतं आणि पुढचा काहीतरी सिनेमा आपोआप सुरू व्हायला लागतो. 'फँड्री'च्या त्या दगडानंतर लगेच दुसऱ्या कशाची तरी जाहिरात बघावी लागणं हे मला सहन होत नाही. अशा शेवटात काळा पडदा हाही एक शॉट असतो. त्याची लांबी आम्ही सेकंद मोजून ठरवलेली असते. शक्य असेल तर ते आपोआप सुरू होणं सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, आणि निदान पहिली काही नावं वर जाईपर्यंत बसून राहा.

आता म्हाताऱ्याचा फोन. त्या रात्री मी लाइन-अप, म्हणजे क्रमाने जोडलेला सगळा सिनेमा, पुन्हा पहिल्यापासून पाहिला, आणि चूक शेवटात नाही हे लक्षात आलं. मध्यंतराआधी एक प्रसंग होता, सव्वा मिनिटाचा. म्हातारा जेवतोय, आत फोन वाजतो, वाजत राहतो, बंद होतो. तो घास मोडतो, मान वर करत नाही. लांबी कमी करायला मीच तो प्रसंग काढला होता, कारण त्यात 'काही घडत नाही' असं मला वाटलं होतं. तो नसल्यामुळे शेवटचा फोन हा सिनेमातला पहिलाच फोन ठरत होता. पहिला फोन वाजला की कोणीही विचारणार, कोणाचा?

आम्ही तो प्रसंग परत घातला. शेवट एका फ्रेमनेही लांबवला नाही, फक्त रिंग काळ्या पडद्यावर थोडी पुढे चालू ठेवली. दोन आठवड्यांनी वेगळ्या माणसांना दाखवलं. दिवे लागले तरी कोणी लगेच बोललं नाही. मग मागच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, "उठले गं शेवटी."